नावेचं कुंकू

पूर्णा जिथं गंगेला, म्हंजे गोदावरीला मिळते तिथं आमचं गाव. लांबलांबचे लोक एसटीनं येतात, जुन्या घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहतात. एक काळसर, एक पिवळसर, अशी दोन पाणी शेजारी शेजारी चालताना बघतात, मधल्या बेटावरचे बगळे बघतात अन् म्हणतात, काय सुंदर हाय. सुंदर हाय खरं. पण पलीकडं जायचं तर माझ्याच नावेत बसावं लागतं. पूल अजून झाला न्हाई, अन् संगमाच्या डोहाला भर उन्हाळ्यातही तळ लागत न्हाई.

आमी भोई. या घाटाची जुनी रीत हाय. वऱ्हाड बसायच्या आधी नवरदेवाच्या आईनं नावेला हळदीकुंकू लावायचं, मग नाव जिच्या घरची तिच्या कपाळाला. ते झाल्याबिगर वल्हं पाण्यात पडत न्हाई. मालक होते तोवर हा मान माझा होता. ते गेले अन् माझी जाऊ बायनाबाई माझ्या जागी उभी राहायला लागली.

मग माझ्या कुसुमचं लगीन झालं. लेक सासरी निघाली ती याच घाटावरून. मी करंडा घेऊन पुढं झाले, तर भगवानराव पाटलाच्या नर्मदाबाईनं माझं मनगट धरलं.

"चांगुणे, बाजूला हो. विधवेचा हात नको पोरीला."

सगळ्या बायकांच्या देखत. कुसुम मागं वळून बघत नावेत बसली, अन् मी माझ्याच नावेपासून लांब उभी. ती पकड मी इसरले न्हाई.

यंदा फाल्गुनात नर्मदाबाईच्या लेकाचं लगीन पलीकडच्या गावात ठरलं. मी बायनाबाईला आदल्या दिवशीच मानवतला तिच्या लेकीकडं धाडलं. संगं कुरडया, लोणचं बांधून दिलं. लय खुश झाली बिचारी.

सकाळी वऱ्हाड वाजतगाजत घाटावर आलं. माझा नागनाथ वल्हं धरून उभा, मी नावेच्या तोंडाशी बसलेली. नर्मदाबाईनं नावेला कुंकू लावलं अन् इकडंतिकडं बघायला लागली.

"बायना कुठंय?"

"मानवतला. लेकीची आठवण आली तिला."

"मग नागनाथाला टिळा लावते."

"नागनाथ वल्हवणारा हाय, पाटलीणबाई. नाव माझी हाय."

सनईवाल्यानं सनई तोंडातून काढली. भगवानराव पुढं आले. "चांगुणाबाई, मुहूर्त टळंल. लांबच्या पुलावरनं फेऱ्यानं गाड्या न्यायच्या तर सांज होईल."

"मी कुठं अडवलंय, पाटील? रीत तुमच्याच आज्यानं घातलेली. मोडली म्हणा, मी उठते. मग डोहात काही बरंवाईट झालं तर मला इचारू नका."

पाटील बायकोकडं बघायला लागले. मुंडावळ्यांतून नवरदेव करवादला, "आई, लाव की. ऊन चढायलंय."

नर्मदाबाईनं करंड्यात बोट बुडवलं. असं झटक्यात पुढं केलं की निम्मं कुंकू माझ्या नाकावर सांडलं.

"घाई कशाला करता? नीट लावा," मी म्हणले. मग तिचं मनगट धरलं, हळूच, अन् बोट माझ्या कपाळाच्या मधोमध नेऊन टेकवलं. "आता हळद."

तिनं हळद लावली. नागनाथानं नाव लोटली.

मी तिच्या समोरच बसले. बेटाजवळ बगळे उठले, तसं सगळं वऱ्हाड माना वर करून बघायला लागलं. नर्मदाबाई तेवढी पाण्यात बघत होती. नागनाथ माझ्या कानाशी म्हणला, "आई, पूस आता ते."

"तू वल्हव," मी म्हणले.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड परतलं. नवी सून साधी पोर, तिला कुणी काही सांगितलं नसावं. नाव बघितली, करंडा उघडला अन् कुंकवाचं बोट घेऊन माझ्यापुढं वाकली. मी तिचा हात अडवला.

"तू नको, बाई. तुझ्या सासूला लावू दे. तिला सवय झालीय."