सुंदराआत्याचं राहून गेलेलं बोलणं

साकीनाक्याला एका वर्कशॉपच्या माडीवर प्रबुद्धनं एडिटिंगसाठी खोली घेतली होती. खाली लेथ मशीन सुरू झालं की टेबल थरथरायचं आणि कानाला हेडफोन लावूनही काही कळायचं नाही. म्हणून आवाजाचं सगळं काम तो आणि श्वेता वर्कशॉपच्या सुट्टीच्या दिवशी उरकायचे. श्वेता त्याची कॅमेरावाली. दिंडोशीहून यायची, येताना दोघांसाठी घावणे आणायची आणि खाताना त्याच्या प्रत्येक शॉटला नावं ठेवायची.

गावाकडच्या दवाखान्यांवर ते डॉक्युमेंटरी करत होते. उपकेंद्राची इमारत आहे पण कुलूप उघडत नाही, नर्सबाईंकडे इतकी गावं की एखाद्या गावाच्या वाट्याला आठवड्यातला एक वारसुद्धा येत नाही, असं सगळं. प्रबुद्धनं त्यासाठी मराठवाड्यातलं आपल्या वडिलांचं गाव निवडलं होतं. वडील, भीमराज, तरुणपणीच मुंबईला आले, घाटकोपरला राहिले आणि तिथेच वारले. गावात आता त्यांची धाकटी बहीण तेवढी होती. सुंदराबाई. प्रबुद्धची आत्या.

शूटिंग थंडीत झालं. आत्यामुळेच झालं म्हणायचं. तिनं त्यांना घरोघर फिरवलं. कॅमेरा बघून दार लावून घेणाऱ्या बाया आत्याची हाक ऐकली की बाहेर येऊन बसायच्या. कुणाचं बाळंतपण ट्रॅक्टरमध्ये झालं, कुणाचा नवरा ताप अंगावर काढून गेला, हे आत्याच आधी सांगायची आणि मग त्या बाईला म्हणायची, "बोल गं, आपलाच पोरगा हाय."

मुंबईला परत आल्यावर एका शाम्पूच्या जाहिरातीचं काम मिळालं, त्यामागून दुसरं. गावाचं फुटेज हार्ड डिस्कमध्ये तसंच पडून राहिलं. उन्हाळ्यात निर्माता सौरभ मागे लागला तेव्हा कुठे दोघं बसले.

त्या सुट्टीच्या दिवशी आत्याची मुलाखत लावली होती. अंगणात बसून ती उपकेंद्राबद्दल बोलत होती, छान बोलत होती. बोलून झालं, पण श्वेतानं कॅमेरा बंद केलेला नव्हता. आत्यानं पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "लेकरा, मह्यंबी एक इचारायचं व्हतं. तुम्हा मुंबईवाल्यांना ठाऊक असंल..."

आणि कॅमेऱ्यामागून प्रबुद्धचाच आवाज आला. "आत्या, ते नंतर बोलू. उजेड जातोय. नर्सबाई कधी येतात तेवढं परत सांग. आणि माझ्याकडे नको बघू, श्वेताकडे बघ."

आत्या हसली. "बरं," म्हणाली आणि नर्सबाईंचं पुन्हा सांगितलं.

प्रबुद्धनं क्लिप थांबवली. हे आपण बोललोय याची त्याला पुसट आठवणसुद्धा नव्हती.

"काय विचारायचं होतं रे त्यांना?" श्वेता म्हणाली.

"माहीत नाही."

"नंतर विचारलंस?"

श्वेतानंच क्लिप पुढे नेली. मुलाखत संपवून आत्या उठली, पाण्याची कळशी उचलायला वाकली आणि तिनं ती उजव्या हातानं उचलली. डावा हात तिनं अंगाशी घट्ट धरला होता, दुखावलेल्या कोंबडीनं पंख धरावा तसा.

"यार," श्वेता म्हणाली, "हे मी शूट केलंय आणि मला दिसलं नाही."

प्रबुद्धनं तिथूनच फोन लावला. आत्यानं आधी सगळ्यांची खुशाली विचारली. मग तो म्हणाला, "तुला तेव्हा मला काय विचारायचं होतं गं?"

"कवा?"

"शूटिंगच्या वेळी. अंगणात."

"ते व्हय. ऱ्हाऊ दे आता. तुह्या आईला दे फोन कवातरी."

तो तसाच उठून घाटकोपरला घरी गेला आणि आईच्या हातात फोन दिला. आई फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली, दार लोटून घेतलं. बाहेर आली तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं.

"उद्याच गाडी कर आणि घेऊन ये तिला."

"झालंय काय?"

"छातीत गाठ आहे. आता फुटलीय म्हणते."

हॉस्पिटलातली डॉक्टर तरुण होती, समजुतीनं बोलणारी. तिनं तपासण्या करून घेतल्या, सगळे रिपोर्ट आल्यावर आत्यालाच विचारलं, "मावशी, ही गाठ पहिल्यांदा कधी लागली हाताला?"

"थंडी व्हती. सुपारीयेवढी व्हती तवा."

आत्याला बाहेर बसवून डॉक्टर प्रबुद्धला म्हणाली, "तेव्हा आला असतात तर ऑपरेशन करता आलं असतं. आता फुप्फुसापर्यंत गेलंय. केमो देऊ, पण त्रास कमी व्हावा एवढ्यासाठीच."

प्रबुद्धनं मान हलवली. बाहेर बाकावर आत्या एका अनोळखी बाईला तिच्या गावच्या दवाखान्याचं विचारत बसली होती.

आत्या त्यांच्याकडेच राहिली. बातमी सौरभपर्यंत गेली. त्यानं प्रबुद्धला अंधेरीच्या ऑफिसात बोलावलं, चहा मागवला, दार लावून घेतलं.

"गैरसमज करून घेऊ नकोस," सौरभ म्हणाला. "मला खरंच वाईट वाटलं. पण अरे, हीच फिल्म आहे. सगळ्या गावाचं दुखणं सांगणारी बाई स्वतःचं सांगत नाही. तिच्याशी बोल ना कॅमेऱ्यावर."

"ती माझी आत्या आहे."

"म्हणून तर. तुझ्याशीच बोलेल ती."

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायचं, तर निदान मरू तरी दे तिला," प्रबुद्ध म्हणाला आणि चहा तसाच ठेवून उठला.

जिना उतरताना त्याला कित्येक दिवसांनी बरं वाटलं. एकदा चुकलो, पण आता नाही, असं काहीसं. घरी येऊन त्यानं आईला सांगितलंसुद्धा, "आत्यापुढे कॅमेरा येणार नाही. मी सौरभला तोंडावर सांगून आलो." आई काहीतरी बोलणार होती, पण आत्यानं आतून हाक मारली आणि ती उठून गेली.

त्याच आठवड्यातल्या रविवारी तो बाजार घेऊन घरी आला, तर आत्या खिडकीपाशी खुर्चीत बसलेली. जांभळं काठापदराचं लुगडं नेसली होती. केस गेले होते म्हणून पदर कपाळापर्यंत ओढलेला. खिडकीतले वाळत घातलेले कपडे आईनं काढून ठेवले होते. उजेड थेट तिच्या तोंडावर पडत होता.

"आलास? क्यामेरा न्हाई आणला?"

"नाही आत्या." तो तिच्यापुढे उकिडवा बसला. "तुझं दुखणं मला कुणाला दाखवायचं नाहीये. आता तुला कुणी त्रास देणार नाही."

"आस्सं." तिनं थोडा वेळ बाहेर बघितलं. "श्वेताबी न्हाई आली?"

"तिला नको सांगितलं. तू निवांत पड."

"पडते की," ती म्हणाली. जेवण झाल्यावर तिनं ते लुगडं बदललं, घडी घालून पिशवीत ठेवलं आणि झोपली. दारातून आई बघत होती. तिच्याकडे त्याचं लक्ष गेलं, पण ती दमली असेल असंच त्याला वाटलं.

पाऊस सरता सरता आत्या म्हणाली, मला माझ्या घरी न्या. डॉक्टरनंही अडवलं नाही. गावात पोचल्यावर चार-दोन दिवसच ती शुद्धीत होती. आल्यागेल्याला ओळखत होती. प्रबुद्ध उशाशी होता. ती गेली तेव्हा अंगणात सगळ्या गावच्या बाया जमल्या होत्या.

जलदान विधी आटोपून मायलेक घाटकोपरला परतले. आई आत्याची पिशवी उघडून बसली होती. जांभळं लुगडं मांडीवर घेऊन ती म्हणाली, "त्या रविवारी ती सकाळपासून तयार होऊन बसली होती."

"कशासाठी?"

"बोलायला. तुझ्या कॅमेऱ्यापुढे. ती तयार दिसली की तू आपणहून कॅमेरा आणशील, असं तिला वाटत होतं. चार दिवस माझ्यापुढे म्हणून बघत होती. कांदा चिरताना, भांडी घासताना. मी हसायचे, ती पण हसायची."

प्रबुद्ध तिच्याकडे बघत राहिला. "पण मी तर तिला..."

"तू दुखणं दाखवायचं नाही म्हणालास. तिला दुखणं कुठे दाखवायचं होतं? तिला गावातल्या बायांना सांगायचं होतं, की मी केलं तसं करू नका."

"मग तू मला का नाही सांगितलंस आई?"

"निघाले होते सांगायला. तीच म्हणाली, नको वहिनी, पोरगं आधीच मनाला लावून घेतंय, त्याला वाटंल मी बोल लावते." आईनं लुगड्याची घडी पुन्हा नीट केली. "आणि तू तरी तिला विचारलंस का एकदा, की आत्या, तुला काय पाहिजे?"

फिल्म पुरी झाली. पार्ल्याच्या एका छोट्या हॉलमध्ये दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका गृहस्थांनी आत्याच्या मुलाखतीचं फार कौतुक केलं, "किती सहज बोलतात हो त्या," म्हणाले. प्रबुद्धनं हात जोडले आणि तो मागच्या दारानं बाहेर निघून गेला.

मग तो आईला आणि श्वेताला घेऊन गावी गेला. विहाराच्या भिंतीला पांढरी चादर लावली, पुढे सतरंज्या घातल्या. फिल्मभर बाया एकमेकींची घरं ओळखून हसत होत्या. आत्या दिसली तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. संपल्यावर मागून एक म्हातारी म्हणाली, "सुंदरानं समद्यांचं सांगितलं. सोताचं काहीच न्हाई बोलली व्हय?"

प्रबुद्ध उभा राहिला. "बोलणार होती," तो म्हणाला. "दोनदा बोलणार होती. पहिल्यांदा मी तिला थांबवलं आणि दुसऱ्यांदा..." पुढे त्याला जमेना. पुरुष माणूस आता छातीच्या गाठीचं बोलणार, हे ओळखून दोघीतिघी खाली बघायला लागल्या.

आई उठली. माईक घ्यायची तिला सवय नव्हती, तिनं तो हातानंच बाजूला सारला.

"ती असं म्हणायची," आई म्हणाली. "म्हणायची, बायांनो, मी सुंदरा. मला गाठ लागली तवा दुखत नव्हती, म्हणून मी गप बसले. दुखायला लागली तवा लाज वाटली, म्हणून गप बसले. आपली छाती आपल्या लेकरांना पाजायला चालते, मग डाक्टरला दाखवायला कसली लाज. असं म्हणायची. आणि मग..."

ती थांबली. तिनं डोळे मिटून घेतले, ओठ हलवून बघितले.

"पुढं अजून होतं. चांगलं होतं. शेवटी तर असं काही म्हणायची की मला रडूच यायचं. मला आठवत नाही आता."

प्रबुद्ध चादरीपाशी तसाच उभा होता. चार दिवस त्याच्याच घरात, स्वयंपाकघराच्या दारापलीकडे ते शब्द बोलले जात होते, आणि आता ते कुठेच नव्हते.

लोक पांगले तेव्हा पाचसहा बाया आईभोवती बसून राहिल्या. एकीनं पुरुषांना बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. प्रबुद्ध ओट्यावर येऊन बसला. श्वेता कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावून त्याच्याशेजारी उभी राहिली.

"आत बोलतायत रे त्या," ती हलक्या आवाजात म्हणाली. "शूट करू?"

"आत जा आणि त्यांना विचार."

श्वेता गेली. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली.

"नको म्हणतात. पण मला बस म्हणाल्या."

"मग बस ना."

तिनं बॅग ओट्यावर ठेवली आणि ती पुन्हा आत गेली. आतून आईचा आवाज येत होता, मधूनच कुणाचा तरी दुसरा. शब्द कळत नव्हते. आत्या असती आणि तिला विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती, हे प्रबुद्धला आता पक्कं माहीत होतं. ती हो म्हणाली असती.