ओळखीतली तपासणी

मित्रांनो, मी एक जुनं इको मशीन आहे. कानाला ऐकू न येणारा आवाज माणसाच्या छातीत सोडायचा आणि तो आत आपटून परत आला की त्यातून धडधडत्या हृदयाचं चित्र पडद्यावर उमटवायचं, एवढंच माझं काम. रुग्णालयात मला सगळे 'म्हातारबा' म्हणतात, म्हणून मीही स्वतःबद्दल बाप्यामाणसासारखा बोलतो. आज तुम्हाला माझी हकिगत सांगणार आहे. पण आधीच सांगून ठेवतो, ती मिरवण्यासारखी नाही. सांगताना माझी मान खाली जाते. पडद्याखाली मला खरोखरच मान आहे, आणि तिचा स्क्रू ढिला असल्यामुळे ती तशीही खालीच असते.

माझा जन्म एका मोठ्या, लख्ख कारखान्यात झाला. केस टोपीत कोंबलेल्या बायकांनी माझ्या पोटात बारीक बारीक तारा बसवल्या. रबराच्या एका ठोकळ्यात काही दोरे लपवले होते, ते मला शोधायला लावले. मी सगळे शोधले, आणि माझ्या पाठीवर 'उत्तीर्ण'चा शिक्का बसला. तिथूनच माझ्या अंगात थोडी मस्ती शिरली असावी.

रुग्णालयात मला पहिल्या मजल्यावरची छोटी खोली मिळाली. खिडकीला काळा पडदा, एक अरुंद खाट, भिंतीला हात धुवायचं भांडं. माझ्यावर काम करायला एक तंत्रज्ञ मुलगी आली. तीही नवी, मीही नवा. पहिल्या महिन्यात तिने माझी इतकी चुकीची बटणं दाबली की मला गुदगुल्या व्हायच्या. पण हात बसला, तसे सगळे तिला ताई म्हणू लागले, आणि आमची जोडी जमली.

तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी. हृदयाच्या डाव्या बाजूला दोन पाकळ्यांचं एक दार असतं. हृदय आकसून रक्त पुढे ढकलतं, तेव्हा ते दार घट्ट मिटायला हवं. मिटलं नाही, तर प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उलटं मागे फिरतं. मग माणसाला दम लागतो, पाय सुजतात, आडवं पडलं की जीव घाबरा होतो. ती गळती मी रंगात दाखवतो. हृदयाचे डॉक्टर माझ्या पडद्यावर बोट ठेवून म्हणायचे, "म्हातारबा खोटं बोलत नाही." हे वाक्य मी वर्षानुवर्षं अंगावर दागिन्यासारखं घातलं.

परक्या माणसाची तपासणी ताई फार नीट करायची. नाव, वय, उंची, वजन लिहायची. रक्तदाब मोजायची. डाव्या कुशीवर वळवून डावा हात उशाशी घ्यायला सांगायची, "श्वास धरा, सोडा" करत बरगड्यांच्या फटीफटीतून बघायची. माझी रंगाची पट्टी प्रत्येक माणसागणिक पुन्हा लावायची. ती पट्टी फार वर चढवली, तर मोठी गळतीही लहान दिसते, हे तिला पाठ होतं. अर्धा तास सहज जायचा.

पण आमच्याकडे आणखी एक पद्धत होती. कुणी ओळखीचं आलं, की त्याला रांगेत बसवायचं नाही. नाव नोंदवायचं नाही. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात पटकन आत घ्यायचं, बघायचं आणि मागच्या दाराने सोडायचं. शिपाईमामांचे साडू असेच आले, परिचारिकेचे सासरे असेच आले. येणाऱ्याला आपला मान राखला असं वाटायचं, घेणाऱ्याला आपण उपकार केला असं वाटायचं. दोघंही खूश असायचे, आणि मीही फिरत्या पंख्याने गार वारा सोडत खूश असायचो.

एके दिवशी सकाळी ताईची मावशी आली. सख्खी, आईच्या पाठची. ताईला तिनेच लहानाचं मोठं केलेलं. मावशी शाळांचे गणवेश शिवायची, पायमशीनवर. बरोबर काका होते. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे, त्यामुळे लिहिलेल्या शब्दावर त्यांचा भारी विश्वास.

"अगं, दोन सदरे शिवले की धाप लागते," मावशी म्हणाली. "जिना चढताना मधेच बसावं लागतं."

"वय झालं की होतं तसं," काका म्हणाले. "पण म्हटलं, आपली पोरगी आहे तर एकदा बघून घेऊ."

"बाहेर चौथ्या नंबरचे आजोबा खोळंबलेत," ताई म्हणाली. "मावशी, तू ये पटकन. पाठीवरच झोप, कुशीवर नको वळूस. पाचच मिनिटांचं काम आहे."

आधीच्या रुग्णासाठी माझी रंगाची पट्टी वर चढवलेली होती. ताईने ती खाली घेतली नाही. एका हाताने ती आवाज सोडणारी माझी मूठ मावशीच्या छातीवर फिरवत होती, दुसरीकडे तिला विचारत होती, धाकट्या मावसबहिणीचं लग्न कुठवर आलं, आजीच्या गुडघ्याचं काय झालं. मावशीची गळती सरळ मधोमध नव्हती, भिंतीला चिकटून सरपटत जात होती. अशी गळती आधीच चोरटी दिसते. माझ्या पडद्यावर तिची एक बारीक रेघ तेवढी उमटली.

ताईने चित्रं साठवली, एका कागदावर लिहिलं, 'किरकोळ गळती. काळजीचं कारण नाही,' आणि मावशीच्या गालाला हात लावला. काकांनी ती चिठ्ठी वाचली, खिशातलं पेन काढून तिच्यातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि घडी घालून पाकिटात ठेवली.

मित्रांनो, मला जसं लावतील तसं मी दाखवतो, माझा काय दोष, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं आहे. पण पट्टीचा आकडा माझ्याच पडद्याच्या कोपऱ्यात होता. दाराची मागची पाकळी उसवलेल्या खिशासारखी उलटी पडत होती, तेही मी दाखवत होतो. फक्त ते बघायला कुणी थांबलं नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटलंही नव्हतं. 'म्हातारबा खोटं बोलत नाही,' याच तोऱ्यात मी चौथ्या नंबरच्या आजोबांकडे वळलो.

चौदा महिन्यांनी मावशी पुन्हा आली, ती चाकांच्या खुर्चीवर. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. अर्धं वाक्य बोलून ती श्वासासाठी थांबायची. या खेपेला तिला पाठवणारे हृदयाचे डॉक्टर होते आणि ते स्वतः माझ्या मागे उभे होते. ताईने तिला कुशीवर वळवलं, पट्टी लावली, आणि पडदा रंगाने भरून गेला. अर्ध्याहून जास्त कप्पा गळतीने व्यापला होता.

डॉक्टर काकांना समजावून सांगू लागले, "दाराची पाकळी धरून ठेवणारी एक दोरी तुटली आहे. ही गळती कालपरवाची नाही, वर्षभराहून जास्त जुनी आहे. तेव्हाच कळलं असतं, तर छाती उघडून दार शिवता आलं असतं, आणि त्यांना ते झेपलंही असतं. आता हृदय थकलंय. तेवढं मोठं ऑपरेशन मी करणार नाही. मांडीतल्या शिरेतून नळी घालून वर जाऊ आणि दोन्ही पाकळ्या एका चिमट्याने मधोमध जोडू. पुष्कळ फरक पडेल. पूर्वीसारखं होईल, असं मात्र मी म्हणणार नाही."

"पण मागच्या वर्षी तर..." काकांनी पाकिटातून चिठ्ठी काढली. डॉक्टरांनी ती वाचली, परत दिली आणि ताईकडे पाहिलं. ताई माझी मूठ पुसत राहिली. ती कधीच पुसून झाली होती.

दुपारी जेवायच्या सुट्टीत ताईने दार लावून घेतलं आणि माझ्या पोटातली जुनी चित्रं शोधायला बसली. तारखेवरून तिला ती सापडली. त्यांच्यावर नाव नव्हतं, क्रमांक नव्हता. ती चित्रं कुणाची, हे जगात ती आणि मी, दोघांनाच माहीत होतं. तिने पट्टीचा आकडा पाहिला. मग उलटी पडणारी पाकळी पाहिली. एकदा, दोनदा, पुन्हा थांबवून. मग तिचं बोट चित्रं पुसायच्या बटणावर गेलं आणि तिथेच राहिलं.

आता जे सांगतो त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मला वाटलं, तिने ते दाबावं. मनापासून वाटलं. चित्रं पुसली गेली असती, तर मी पुन्हा खोटं न बोलणारा म्हातारबा झालो असतो. त्या मावशीचं काय, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. बोट माझं नव्हतं, एवढंच काय ते बरं.

ताईने बोट काढलं. तोंडावर पाणी मारलं, डॉक्टरांना बोलावून चित्रं दाखवली आणि म्हणाली, "ऑपरेशनच्या वेळी मी असलेली चालेल का, हे तिला विचारायला हवं. पण त्याआधी मी तिला माझी चूक सांगून येते."

चित्रं मागितली तर दाखवता यावीत, म्हणून ताईने मला ढकलत ढकलत वॉर्डात नेलं. मावशी तीन उशांना टेकून बसली होती. काका बिछान्याची चादर उगाचच सारखी करत होते.

"मावशी, मागच्या वेळी मी तुला नीट तपासलं नाही," ताई म्हणाली. "गप्पा मारत, घाईघाईत उरकलं. गळती तेव्हाही मोठीच होती. माझी चूक झाली."

"चिठ्ठीत तू स्वतः लिहिलं होतंस," काका म्हणाले.

"चिठ्ठी चुकीची होती, काका."

मावशी उशांवरून थोडी पुढे सरकली. मग तिने विचारलं, "म्हणजे मला खरंच दम लागत होता?"

"हो, मावशी."

मावशी ताईवर चिडली नाही. तिने काकांकडे पाहिलं. "वर्षभर तुम्ही जिन्यात पुढे निघून जायचात. मी थांबले की वरून म्हणायचात, रिपोर्ट चांगला आहे, उगाच मनाला लावून घेऊ नकोस. शेवटी शेवटी मलाही तेच वाटायला लागलं. मीच आळशी झाले, मीच सोंग करते, असं वाटून मी रडायचे आणि पुन्हा मशीनवर बसायचे." मग ती ताईला म्हणाली, "ऑपरेशनला तू ये. या वेळी गप्पा मारू नकोस."

काकांनी चादर सोडली आणि ते खाली मान घालून बसून राहिले. त्या खोलीत तेव्हा माझ्यासकट तिघांच्या माना खाली होत्या.

ऑपरेशनच्या दिवशी मावशीला भूल दिली. माझी लांब, काळी नळी तिच्या तोंडातून अन्ननलिकेत सोडली, म्हणजे मला हृदय मागून, अगदी जवळून दिसतं. डॉक्टरांचे हात तिच्या मांडीपाशी होते आणि डोळे माझ्यावर. शिरेतून वर आलेली नळी हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पातळ भिंतीला बारीक भोक पाडून डावीकडे आली. तिच्या टोकाला नखाएवढा चिमटा. तो कुठे आहे, किती वळला, हे डॉक्टरांना माझ्याशिवाय कोण सांगणार? ताई प्रत्येक वेळी पट्टीचा आकडा मोठ्याने वाचत होती. बाकी एक शब्द बोलली नाही.

पहिल्यांदा चिमट्यात एकच पाकळी आली. "सोडतो," डॉक्टर म्हणाले. चिमटा उघडला, थोडा मागे घेतला, पुन्हा वर आणला. दुसऱ्या वेळी दोन्ही पाकळ्या आल्या. चिमटा हळूहळू मिटला, आणि पडदा भरून टाकणारा तो रंग ओसरत ओसरत एका बारीक धारेवर आला. ही धार खरोखरच बारीक होती. दार फार अरुंद तर झालं नाही ना, हे ताईने तीनदा मोजलं. मग डॉक्टरांनी चिमटा कायमचा तिथेच ठेवून नळी बाहेर काढली.

"शाबास, म्हातारबा," असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर थाप मारली. पूर्वी अशा थापेने मी आठवडाभर हवेत असायचो. त्या दिवशी मला कुठे तोंड लपवू असं झालं.

चौथ्या दिवशी मावशी चालत घरी गेली. सहा महिन्यांनी ती पुन्हा तपासणीला आली. पायांची सूज गेली होती, एका उशीवर झोप लागत होती. पण हृदयाची ताकद पुरती भरून आली नव्हती. गणवेशांचं काम तिने सोडलं होतं. ताईने तिला दारातून पाहिलं आणि लगबगीने बाहेर गेली.

"मावशी, बाहेर का बसलीस? आत ये ना."

"माझा नंबर नववा आहे," मावशी म्हणाली. "आता सहावा चालू आहे. मी बसते. आणि आत घेशील तेव्हा मला परक्यासारखी तपास."

ती दीड तास बसली. काका तिच्या शेजारी, हातात काही न धरता. नंबर आल्यावर ताईने तिचं नाव विचारलं. मावशीने पूर्ण नाव सांगितलं, वय सांगितलं, वजनकाट्यावर उभी राहिली. तपासणी पाऊण तास चालली. ताईने अहवालात 'किरकोळ गळती' लिहिलं आणि ते या वेळी खरं होतं. मावशीने ते दोन्ही शब्द वाचले, मग बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. तिचा माझ्यावर विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही.

मित्रांनो, आता नव्या मशीनने माझी जागा घेतली आहे आणि मी शिकाऊ मुलामुलींच्या वर्गात उभा असतो. मला पुसा, जपा, असं सांगायचं तोंड मला नाही. एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी जिन्यात मधेच थांबलं, 'मला दम लागतो' म्हणालं, तर कागद काय म्हणतो ते नंतर बघा. आधी चार पायऱ्या खाली उतरा आणि त्यांच्याजवळ थांबा.