टाकीचा दाखला आणि दवाखान्याचा कागद

दवाखान्याचा कागद दाखवणारा भाग नयनने आजच्या आज आपल्या यूट्यूब चॅनलवरून काढावा, असा हुकूम न्यायाधीशांनी वाचला आणि दिपालीने डोळे मिटून श्वास सोडला.

महागाव तालुक्यातल्या एका गावाची ती सरपंच. आठ महिन्यांपूर्वी गावातली सात लेकरं हगवणीने आजारी पडली, तेव्हा तिथल्याच नयन नावाच्या पोराने व्हिडिओ केला. पाण्याची टाकी साफ झाल्याच्या दाखल्यावर सरपंचाची सही आहे, पण टाकीवर कुणी चढलंच नाही, असं त्यात होतं. तेवढ्यावर तो थांबला नाही. दिपालीच्या दवाखान्याचा कागद त्याने कॅमेऱ्यासमोर धरला. "सरपंचबाई मूल व्हावं म्हणून इलाज करून राह्यल्या. जिले लेकरू नाही, तिले दुसऱ्याच्या लेकराची काय पर्वा?"

गावभर तो व्हिडिओ फिरला. बाया तिला पाहून गप्प होऊ लागल्या. अख्खा व्हिडिओ बंद करा, म्हणून ती नवऱ्याला, गोपालला घेऊन यवतमाळच्या कोर्टात आली होती.

न्यायाधीश पुढे वाचू लागले. "टाकीबद्दलचा भाग मात्र राहील. बाईंचे उपचार ही त्यांची खासगी बाब आहे. गावाचं पाणी खासगी नाही. बोलणं झोंबतं म्हणून ते कोर्ट बंद करणार नाही. आणि ते खोटं आहे, असं बाईंना दाखवता आलेलं नाही."

दिपालीला थोबाडीत बसल्यासारखं झालं. "मॅडम, खोटंच तं आहे ते!" ती आपल्या वकीलबाईंच्या, माहनूर मॅडमच्या कानाशी पुटपुटली.

मॅडमनी फाइलमधला, नयनने कोर्टात दिलेला फोटो पुढे सरकवला. टाकीची लोखंडी शिडी मधूनच तुटून लोंबत होती. "दाखल्याच्या दुसऱ्या दिवशीचा आहे. शिडीच तुटलेली, मग वर चढलं कोण? मागच्या तारखेला मी तुमच्या मिस्टरांना दाखवला होता. त्यांनी सांगितलं नाही?"

दिपालीने गोपालला बाहेर व्हरांड्यात गाठलं.

"तुमाले माहीत होतं?"

"तू टेन्शन घेशीन म्हणून नाही सांगतलं," गोपाल म्हणाला. "असे दाखले सारेच देतात. जिंकलो न आपण! चाल, चहा घेऊ."

"सही करतानी तुमी म्हटलं होतं, टाकी साफ झाली."

गोपाल मोबाईलमध्ये पाहत राहिला. ज्या माणसाच्या शब्दावर तिने दोन वर्षं डोळे झाकून सह्या केल्या, तो तिला अनोळखी वाटू लागला.

तेवढ्यात नयन समोर आला. "वहिनी, तो कागद दाखवाले नव्हता पाह्यजे मी."

"नव्हताच पाह्यजे. त्याची माफी नाही तुले." ती जायला निघाली, मग मागे वळली. "टाकीचं मात्र राहू दे."

दुसऱ्या दिवशी तिने बांबूची शिडी लावून टाकीचं झाकण उघडवलं. वर चढलेला माणूस नाकाला रुमाल लावूनच उतरला. आत मेलेली कबुतरं होती, हातभर गाळ होता.

ग्रामसभेत ती उभी राहिली. "सही माही होती. मी पाह्यलं नव्हतं."

जिची नात पंधरा दिवस सलाईनवर होती, ती लालीबाई उठली आणि दिपालीकडे न पाहता बाहेर निघून गेली.