सर्व्हरलाही पॅनेल असतं

आमच्या दूध संघात चहाच्या कपालासुद्धा पॅनेल असतं. कान तुटलेले कप जुन्या पॅनेलने आणलेले, गुलाबाच्या फुलाचे नव्या पॅनेलने. मग सर्व्हरला नसेल कसं?

मलकापूरजवळच्या या संघात संगणकाचं काम माझ्याकडे; सर्व्हरही मीच बसवला. त्यावरचं सॉफ्टवेअर फुकटचं, कुणाही कंपनीच्या मालकीचं नसलेलं. संघ कंपनीच्या दावणीला बांधायचा नाही, हा माझा हट्ट. तेव्हा माझे थोरले भाऊ अण्णाप्पा, आमचे अण्णा, संचालक होते, म्हणून तो चालला. गावोगावच्या डेअऱ्यांतून दुधाचे आकडे या सर्व्हरवर यायचे. जनावराच्या डॉक्टरसाठीचे निरोपही इथूनच त्यांच्या मोबाईलवर जायचे. डॉक्टरला थेट फोन करायचा नाही, असा संघाचा नियम होता. डॉक्टर वशिल्याच्या गोठ्यात आधी जातात अशी बोंब झाल्यावर तो केला होता. नियम चांगलाच होता.

एका सकाळी वीज गेली आणि आली. सगळ्या डेअऱ्यांचे आकडे एकदम सर्व्हरवर कोसळले आणि त्या गर्दीत राहीबाईंचा निरोप अडकला. त्यांची म्हैस विताना अडली होती. डॉक्टर पोचले तोवर म्हैसही गेली आणि रेडकूही. मी भेटायला गेलो तर बाई गोठ्यात दावं गुंडाळत बसलेल्या. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"पुन्ना असं हुनार न्हाई, मावशी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर निवडणूक लागली आणि जुनं पॅनेल झोपलं. नवे चेअरमन धैर्यशीलराव आल्या आल्या म्हणाले, पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर आणा. सर्व्हर कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. अण्णाप्पाच्या भावाने बसवलाय, एवढं त्यांना पुरेसं होतं.

मीही इरेला पेटलो. कंपनीचं सॉफ्टवेअर चाचणीला मागवलं ते आपटावं म्हणूनच. दोन्ही शेजारी शेजारी लावली आणि ऐन दूध घालायच्या वेळी मेन स्विच पाडून पुन्हा चालू केला. माझं धापा टाकत बसलं. कंपनीच्याने डॉक्टरचे निरोप आधी वेगळे काढून पाठवले, मग निवांत आकडे घ्यायला सुरुवात केली. मी पुन्हा स्विच पाडला. पुन्हा तेच. आठवडाभर माझ्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त्या करून पाहिल्या, पण काही उपयोग झाला नाही. स्वतःच्या हाताने उभं केलेलं हरताना बघवत नव्हतं. पण डोळ्यांपुढून राहीबाई हलत नव्हत्या.

सभेत मी उभा राहून सांगितलं, "साहेब, तुमचंच बरोबर. कंपनीचंच घ्या."

वाटलं होतं, निदान आता तरी विषय मिटेल. धैर्यशीलरावांनी डोळे बारीक केले. "लय लवकर वळलासा की, जिनेंद्रराव. कंपनीनं काय कबूल केलंय?"

"आवं, चाचनी केलीया मी. समोर करून दावतो."

"चाचनी तुमीच केली न्हवं? मग झालं तर."

"अण्णाप्पाचा भाऊ आपलं भलं कशाला बघंल?" मागून कुणीतरी म्हणालं. "पानी मुरतंय कुटंतरी."

कंपनीचं तिथेच रद्द झालं. माझं तर आधीच गेलं होतं. साताऱ्याच्या एका कार्यकर्त्याच्या मेहुण्याचं तिसरंच सॉफ्टवेअर ठरलं. त्याची चाचणी घेऊ द्या म्हटलं तर उत्तर आलं, आता चाचण्या बास.

रविवारी माधवनगरला घरी गेलो. अण्णांच्या कानावर सगळं आलं होतं. त्यांनी तोंडापुढचा पेपरसुद्धा खाली घेतला नाही.

"भर सभेत त्येंचीच री वडलीस," ते म्हणाले. "त्यापरास कंपनीच्या नावानं चार शिव्या घातल्या असत्यास, तर त्येनी हट्टानं तेच आनलं असतं. एवढं बी कळंना व्हय रं तुला?"

खरं होतं. एक खोटं बोललो असतो तर चांगलं सॉफ्टवेअर आलं असतं. मला अण्णांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि जेवण जाईना.

त्या मेहुण्याचा नवा सर्व्हर लागला. त्याच आठवड्यात वीज गेली, आली. डॉक्टरचे निरोप दुधाच्या आकड्यांमागे मुकाट रांगेत. त्या सकाळी कुणाचं जनावर अडलं नव्हतं, एवढंच नशीब. मी चेअरमनना कळवलं. नव्या सर्व्हरला बदनाम करू नका, अशी तंबी मिळाली.

संध्याकाळी राहीबाईंकडे गेलो. त्यांनी दुसरी म्हैस घेतली होती. तीही आता गाभण होती, दिवस भरत आलेले. बाई पेंड भिजवत होत्या.

"नवं मशीन आलं म्हनं," त्या म्हणाल्या. "आता पोचंल न्हवं निरोप?"

मी त्यांचा मोबाईल मागून घेतला आणि त्यात डॉक्टरचा नंबर घातला. डॉक्टर माझ्या ओळखीतले, माझा शब्द मोडणार नाहीत.

"येळ आली तर थेट ह्येला फोन लावा. माजं नाव सांगा. बाकी कुनाला बोलू नका."

बाईंनी पेंडीचे हात पदराला पुसले, मोबाईल घेतला आणि शेजारच्या गोठ्याकडे बघितलं.

"शालूबाईची बी म्हस हाय की गाभन. तिला तरी सांगू न्हवं?"

सगळ्यांनीच फोन लावले तर डॉक्टर मोबाईल बंद करून ठेवतील, हे मला माहीत होतं.

"नका सांगू," मी म्हणालो.