उसना आवाज

दादा ज्या कंपनीत कामाला होता, तिची क्लाउड सेवा जोरात चालली होती. बँका, शाळा, दवाखाने, सगळे आपली माहिती तिच्या मशिनांवर ठेवू लागले आणि ती सांभाळायला माणसं कमी पडू लागली. धडाधड भरती सुरू झाली. त्याबरोबर घरोघरी एक किळसवाणा प्रकारही सुरू झाला.

दादाच्या घरी त्याचीच तालीम चालली होती. दोघा भावांचा आवाज इतका सारखा, की फोनवर आईसुद्धा फसायची. त्याच कंपनीच्या ऑनलाइन मुलाखतीत कॅमेऱ्यापुढे बसणार धाकटा, उत्तरं देणार टेबलाआडून दादा. धाकट्याने नुसते ओठ हलवायचे.

"तोंड जरा उशिरा मिटतोस बघ," आई कौतुकाने शिकवत होती.

दादाला शिसारी आली. "आई, मला नाही जमणार हे."

"सगळेच करतात. सख्ख्या भावासाठी एवढंही नाही? वय निघून चाललंय त्याचं."

"आणि काम कोण करणार?"

"एकदा चिकटला की शिकेल."

हृदयाच्या ऑपरेशनमधून नुकतेच उठलेले बाबा भिंतीला धरत बाहेर आले.

"माझं ऑपरेशन झालं त्या दवाखान्याची माहिती कुठे असते रे?"

"आमच्याच मशिनांवर, बाबा."

"म्हणजे माझे रिपोर्ट ऐन वेळी डॉक्टरांना दिसले नाहीत, तर दुरुस्तीला हा बसलेला असणार. तेव्हाही नुसते ओठच हलवणार का? पोहता न येणाऱ्याला तलावावर राखण करायला बसवताय, आणि पाण्यात मी आहे!"

आईने घड्याळाकडे बोट दाखवलं; मुलाखतीची वेळ झाली होती. तेवढ्यात स्क्रीनवर मुलाखत घेणाऱ्या बाई आल्या.

"मशीन बंद पडलं तर त्यावरची माहिती कशी वाचवाल?"

उत्तर दादाच्या जिभेवर होतं. तो बोलला नाही. धाकट्याने एकदा बाबांकडे पाहिलं.

"मला येत नाही, मॅडम. अर्जात लिहिलंय त्यातलं निम्मंही येत नाही."

बाई थकल्यासारख्या हसल्या. "सकाळपासून नुसते हलणारे ओठ बघून वीट आलाय. हे वाक्य तरी तुमचं स्वतःचं आहे. शिका, मग परत या."

नोकरी हुकलीच. आईने अबोला धरला. धाकटा मात्र दुसऱ्याच दिवशी दादाकडे शिकायला बसला.

वाचकहो, सगळे करतात म्हणून घाणीला सुगंध येत नाही. आपला माणूस लबाडीने एखाद्या खुर्चीत बसतो, तेव्हा त्या खुर्चीच्या भरवशावर कुणाचा तरी बाप निजलेला असतो. आज ना उद्या तो आपलाही असेल.