चुकीच्या गालावरचा तीळ

ओळखलंत का मला? नाही ना? असू दे, सवय झालीये. मी एक तसबीर आहे, दोनशे वर्षांची. माझ्यावर एका डॉक्टरांचा चेहरा आहे आणि त्यांच्या डाव्या गालावर तीळ. सगळा घोळ त्या तिळाचा.

तांब्याच्या पत्र्यावरून माझा जन्म झाला. कोरणारा म्हातारा भारी हट्टी. तीन महिने मान मोडून एकेक ठिपका टोचत बसला, तेव्हा कुठे गाल भरले. पत्र्यावरचं कागदावर उलटं उमटतं, म्हणून मूळ चित्र आरशात बघून तो कोरायचा. काम संपलं म्हणून आरसा फडक्यात गुंडाळून ठेवला, आणि मग आठवला तीळ!

"एका तिळासाठी कोण आरसा काढतंय?" म्हणाला, आणि दिला टोचून.

खाचांत शाई भरली, वरची तळहाताने पुसली, ओला कागद ठेवून पत्रा छापयंत्राच्या जड रुळाखालून काढला. पहिली मी निघाले. डॉक्टर नुकतेच वारले होते. त्यांच्या बायकोने मला हातात घेतलं आणि म्हाताऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"बाई, चुकलो. तीळ उजवीकडे हवा होता. फाडून टाकतो ही."

"खबरदार! रोज सकाळी ते दाढी करायचे, मी मागे उभी राहून आरशात बघायची. आरशात ते अस्सेच दिसायचे हो."

पत्रा दुरुस्त झाला. बिनचूक प्रती घरोघरी गेल्या. मी बाईंच्या आरशाशेजारी राहिले. केस विंचरताना त्या मला सांगायच्या, "आज गुडघे फार दुखतायत." मला उत्तर देता आलं नाही, हे आजही सलतं.

बाई गेल्यावर सुनेने मला कपाटाच्या तळाशी घातलं. वरच्या चादरींना वर्षातून एकदा ऊन तरी मिळायचं. मला तेही नाही.

परवा सातव्या पिढीतल्या मुलीने घर बदलायला कपाट उपसलं. जुन्या चित्रांच्या जाणकाराने मला चांगल्या प्रतीशी ताडून पाहिलं. "ही सदोष आहे. ठेवून काय करणार?"

"मग जाऊ दे रद्दीत," ती म्हणाली. चुकलं काय तिचं? तिला कुणी सांगितलंच नाही.

आता मी रद्दीच्या गठ्ठ्यावर पडलेय. उद्या रद्दीवाला येईल. पोरी, त्याआधी एकदाच मला आरशासमोर धर गं. तीळ जागच्या जागी दिसेल, तुझे डॉक्टर आजोबा दिसतील.

बाईंना त्यासाठी आरसा लागला नव्हता.