तळघरातले रिमोट

"मॉम, तुला साधा टीव्ही लावता येत नाही, आणि म्हणे मी एकटी राहीन!" जनेल फोनवर म्हणाली आणि अल्विना बर्गहाउसच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साधा टीव्ही! तळघरात जे मांडून ठेवलं होतं त्याला साधा म्हणणाऱ्याची कमालच म्हणायची. भिंतभर पडदा, छताला टांगलेला प्रोजेक्टर, खोलीभर स्पीकर, त्यांना आवाज पुरवणारा रिसीव्हर, केबलचं खोकं आणि वर डिस्क लावायचं यंत्र. सगळा पसारा मार्विनचा. नवरा जन्मभर फर्निचरच्या कारखान्यात राबला आणि निवृत्त झाल्यावर या खोक्यांच्या नादी लागला. प्रत्येक खोक्याचा रिमोट वेगळा, सगळे ब्रेडच्या टोपलीत. अल्विनाचा हात टोपलीकडे गेला रे गेला की सोफ्यावरून आवाज यायचा, "अल्वी, राहू दे. तुला नाही जमायचं." एप्रिलमध्ये मार्विन गेला. तेव्हापासून तळघरात दिवाही लागला नव्हता.

"या वर्षी थँक्सगिव्हिंगचं जेवण आमच्याकडे," जनेल सांगत होती. "क्लेटन टर्की करेल, जावयाच्या हातचं खा एकदा. मॅच इथेच बघू. आणि जेवण झालं की जरा घराचं बोलू. ती झीलंड गावाबाहेरची म्हाताऱ्यांसाठीची घरं इतकी छान आहेत गं. सगळं एका मजल्यावर. पायऱ्या नाहीत, बर्फ काढायला नको."

"डेट्रॉइटची फुटबॉल मॅच आपण दर वर्षी कुठे बघतो?"

"मॉम, डॅड होता तेव्हाची गोष्ट वेगळी. तुला नाही जमायचं ते."

मुलीच्याही तोंडी तेच! अल्विनाने हातातलं फडकं सिंकमध्ये आपटलं.

"ऐक जनेल. टर्की माझ्याकडे, मॅच माझ्या तळघरात. टीव्ही मी लावणार. नाही लावता आला, तर तू म्हणशील ते घर बघायला येईन आणि म्हणशील तिथे सही करीन. झालं समाधान?"

फोन ठेवल्यावर तिचं तिलाच वाटलं, काय बोलून बसले मी! पण बोलली ती बोलली. बर्गहाउसांच्या घरात दिलेला शब्द मागे घ्यायची पद्धत नव्हती, निदान बायकांनी तरी.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. सगळ्या खोक्यांना मिळून एकच रिमोट मिळतो, एवढं तिला ठाऊक होतं. भिंतीवर निरनिराळे लटकत होते. एकाला इतकी बटणं की विमान उडवावं. एकाला बटणंच नाहीत, नुसती काच, आणि त्याला म्हणे आधी फोन जोडायचा, मग घरचं वायफाय, मग पासवर्ड. एक अगदी सुटसुटीत, पण दोनच खोकी सांभाळणारा. बाकीच्यांनी काय उपाशी मरायचं?

"घरी लावून कोण देणार?" दुकानातल्या बाईने विचारलं. ती जनेलच्याच वयाची होती.

"मी."

"मुलगा, जावई, कोणी..."

"मी म्हटलं ना!"

बाईने एक मधल्या अंगाचा रिमोट पुढे केला. वर तीन मोठी बटणं: टीव्ही बघा, सिनेमा बघा, बंद करा. एक बटण दाबलं की तो सगळ्या खोक्यांना एकामागून एक हुकूम सोडणार. अल्विनाला तो पटला. घरी येऊन कात्रीने ते वेष्टन कापताना बोट कापलं, तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं की पुढे काय वाढून ठेवलंय.

रिमोटला आधी प्रत्येक खोक्याची ओळख करून द्यायची होती. कंपनीच्या नावापुढे आकडेच आकडे. एक आकडा घालून बघा, खोकं बंद झालं तर ओळख पटली, नाही झालं तर पुढचा. अल्विना गुडघे दुखेस्तोवर कार्पेटवर बसून आकडे घालत राहिली. केबलचं खोकं लगेच शहाण्यासारखं वागलं. प्रोजेक्टर बराच भाव खाऊन मग ऐकला. रिसीव्हर ढिम्म. मग तिच्या लक्षात आलं, मार्विनने स्वतः केलेल्या त्या ओकच्या कपाटाचं दार लागलेलं होतं आणि रिसीव्हर आत बसला होता. दार उघडल्याबरोबर पठ्ठ्याने ऐकलं. "तुझं कपाट, तुझं खोकं आणि डोकेफोड माझी!" ती मोठ्याने म्हणाली. घरात ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून आणखी चार शब्द सुनावले. ते शब्द तिने चर्चमध्ये कधी काढले नसते.

आता सगळी खोकी ओळखीची झाली, म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं तुम्हाला वाटेल. छे! तिने 'टीव्ही बघा' दाबलं आणि रिमोट मांडीवर ठेवून वाट पाहिली. पडदा उजळला, आवाज नाही. पुन्हा दाबलं. आता आवाज आला, पडदा काळा. पुन्हा दाबलं. पडदा आला, आवाज गेला. सासू उठली की सून झोपते, सून उठली की सासू आडवी होते, असा खेळ चालला. या जुन्या खोक्यांना चालू आणि बंद करायला बटण एकच. जे झोपलंय ते उठतं आणि जे उठलंय ते झोपतं. हे एवढं तिला कळलं, पण मुळात पहिल्याच दाबाला सगळी का उठत नाहीत ते कळेना.

मदतीच्या नंबरवर फोन केला. तिकडचा माणूस फार गोड होता. "मॅडम, एकदा बॅटऱ्या काढून परत घाला." घातल्या. "आता सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात करा." उंटावरून शेळ्या हाकणं याहून वेगळं काय असतं? तिने पहिल्यापासून सुरुवात केली, आणि शेवट तोच. त्या दिवशी अल्विना रडली. दुःखाने नव्हे, संतापाने. एवढीशी प्लास्टिकची वस्तू आपल्याला आपल्या घरातून बाहेर काढणार, या विचाराने तिने रिमोट सोफ्यावर भिरकावला.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, बुधवारी, ती घडीच्या खुर्च्या काढायला तळघरातल्याच हीटरच्या खोलीत गेली. खुर्च्यांमागे रंगाचे डबे, आणि डब्यांमागे एक जाड कागदी पिशवी. ती तिने उचलली तर आत काहीतरी खडखडलं. तिने पिशवी उलटी केली. एक रिमोट. दुसरा रिमोट. तिसरा रिमोट. तिन्ही, सगळ्या खोक्यांना मिळून एकच असतो तसले. बॅटऱ्या आत फुटून पांढरी बुरशी धरलेली.

अल्विना तिथेच खुर्ची उघडून बसली.

म्हणजे यालाही जमलं नव्हतं! एकदा नाही, तीनदा. थँक्सगिव्हिंगला नाश्ता झाला की मार्विन खाली जायचा, "जरा तापवून ठेवतो" म्हणायचा आणि दार लावून घ्यायचा. मॅच सुरू होईपर्यंत सगळं आधीच चालू असायचं. पोरं म्हणायची, डॅड म्हणजे डॅड! झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि आपण इतकी वर्षं मान खाली घालून "तुला नाही जमायचं" ऐकत बसलो.

मग तिला दिसलं. तिसऱ्या रिमोटच्या वरच्या बटणावर लाल ठिपका होता. नेलपॉलिशचा. तो लाल रंग तिने ओळखला. ती बाटली तिने घरभर शोधली होती आणि शेवटी जनेलवर आळ घेतला होता. मार्विन काही नखं रंगवत नव्हता. हा ठिपका ज्या बोटासाठी होता, ते बोट तिचं होतं.

"अरे मूर्खा," ती म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर दोघांनी मिळून डोकेफोड केली असती ना!" आणि मग मात्र ती खरीच रडली.

डोळे पुसून, नाक शिंकरून ती पुन्हा बाहेर आली आणि नवा रिमोट उचलला. सगळी खोकी हाताने बंद केली, बटण दाबलं, आणि नेमका फोन वाजला. एक हात फोनकडे गेला, रिमोटचा हात तसाच पुढे राहिला.

"मॉम, गोडाला पाय भोपळ्याचा करतेयस की पिकॅनच्या दाण्यांचा?" जनेल विचारत होती.

अल्विनाचं लक्ष फोनवर नव्हतंच. पडदा उजळला होता, आणि पाठोपाठ सगळ्या स्पीकरांतून हवामानाची बातमी दणाणत होती. हात! हात खाली घ्यायचा नव्हता! रिमोट एकेकाला हुकूम सोडत असताना ती दर वेळी बटण दाबून तो मांडीवर ठेवत होती. निम्मे हुकूम तिच्या स्कर्टलाच जात होते.

"दोन्ही करते," ती म्हणाली. "वेळेवर या सगळे."

गुरुवारी टर्की चांगली झाली, पण अल्विनाचं सगळं लक्ष घड्याळाकडे. जेवणं उरकून सगळे तळघरात आले. जनेल हाताची घडी घालून उभी राहिली. अल्विनाने हात लांब करून बटण दाबलं आणि हात तसाच धरला. पडदा हळूहळू उजळायला लागला.

"लागत नाहीये का? थांबा मॉम, मी करतो," क्लेटन म्हणाला. जावई मनाने सोनं, पण हाताला धीर नाही. त्याने टोपलीतला प्रोजेक्टरचा रिमोट उचलून दाबला. पडदा विझला. जनेलने घाईने दुसरा उचलून दाबला, नुकताच आलेला आवाज गेला. क्लेटनने आणखी एक दाबला, डिस्कचा ट्रे बाहेर आला.

"बघितलंस?" जनेल म्हणाली. "म्हणूनच मी म्हणते, मॉम..."

"रिमोट खाली ठेवा!"

अल्विना घरात कधी ओरडत नसे. दोघांनी पोलिसाला बघावं तसे हात वर केले. तिने टोपलीतले सगळे रिमोट ॲप्रनच्या खिशांत कोंबले. उघड्या कपाटाशी वाकून एकेक खोकं बोटाने बंद केलं. प्रोजेक्टर बंद करायला झाडूचा दांडा वर नेला.

"आता बसा. आणि कोणी मदत करायची नाही."

तिने हात लांब केला, बटण दाबलं. हात हलू दिला नाही. पडदा उजळला. केबल उठली. कपाटात खट् झालं, आणि हजारो माणसांचा कल्लोळ तळघरात घुसला. मॅच कधीच सुरू झाली होती आणि डेट्रॉइट नेहमीप्रमाणे मागे होतं.

क्लेटनने टाळ्या वाजवल्या. मध्यंतराला जनेल आईच्या शेजारी येऊन बसली.

"दे बघू मला. मी करून बघते."

"राहू दे," अल्विना म्हणाली, "तुला नाही..."

ती थांबली. सोफाही तोच होता, जागाही मार्विनचीच. तिने रिमोट मुलीच्या हातात दिला.

जनेलने वरच्या बटणावर अंगठा ठेवला. त्यावर ताजा लाल ठिपका होता. "हे नेलपॉलिश कसलं?"

"डॅडची युक्ती. त्याने तीनदा करून बघितलं. त्यालाही नाही जमलं."

"डॅडला?"

"पिशवी हीटरच्या खोलीत आहे. जाताना बघ."

जनेलने त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग तिने सगळं बंद केलं. क्लेटन "अरे अरे" करून ओरडला. तिने लाल बटण दाबलं आणि लगेच रिमोट मांडीवर ठेवायला निघाली. अल्विनाने खालून तिचं कोपर धरलं.

"हात वर धर. शेवटचं खोकं उठेपर्यंत."

दोघी तशाच हात धरून बसल्या. पडदा आला, आवाज आला.

"पुढच्या वर्षी भोपळ्याचा पाय मी घेऊन येईन," जनेल म्हणाली. "टर्की आणि हे तळघर, तुझ्याकडेच राहू दे."